एकाच बाजूने चढायचा डोंगर

सोलापूर सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागले की बोरामणी, इटकळ, अणदूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, दाळिंब अशी गावे एकेक करून मागे पडतात आणि उमरगा येते. एवढ्या प्रवासात डोंगर म्हणावा असा कुठे दिसत नाही. दोन्ही अंगांना तूर, सोयाबीन, ऊस आणि मधूनच मुरमाड बरड. नळदुर्गला बोरी नदीच्या पात्रापाशी रस्ता थोडा खाली-वर होतो, तेवढाच काय तो चढउतार. तरीही उमरग्याला उतरलेला माणूस एक डोंगररांग चढून आलेला असतो. त्या रांगेचे नाव बालाघाट.

सह्याद्रीच्या हरिश्चंद्रगडाकडून फुटलेला हा फाटा अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर असा आग्नेयेकडे उतरत कर्नाटकाच्या हद्दीत बिदरकडे विरत जातो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, तर तुळजापूर आणि धाराशिव साडेसहाशे मीटरच्या आसपास. मधले हे दोनशे मीटर कुठे एकदम चढावे लागतात, तर कुठे नकळत चढले जातात. ते चढण्याच्या जागा कोणत्या, त्या तिथेच का आहेत आणि त्यांच्यावर कोणाकोणाची नजर होती, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

आल्प्सची खिंड आणि बालाघाटची कड

आल्प्समधली खिंड डोळ्यांसमोर आणणे सोपे आहे. दोन बर्फाळ शिखरांच्या मध्ये थोडी दबलेली जागा असते. एका खोऱ्यातून वर चढायचे, माथ्यावर क्षणभर टेकायचे आणि दुसऱ्या खोऱ्यात उतरायचे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामधली ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड २,४६९ मीटर उंच आहे. झाडे उगवण्याची रेषा तिच्या खूप खाली संपते. बर्फात सापडलेल्या वाटसरूंसाठी तिथे अकराव्या शतकापासून मठवासीयांची धर्मशाळा आहे. मे १८०० मध्ये नेपोलियनने आपले सैन्य याच वाटेने इटलीत उतरवले. अशा खिंडीवर माणसे राहतात ती वाटसरूंची सोय म्हणून. खरी वस्ती दोन्हीकडच्या खोऱ्यांत असते.

बालाघाटावर ही मांडणी लागू पडत नाही. इथे एका बाजूने चढायचे आणि वरच राहायचे. समोर लगेच उतार नसतो. असते ती मैलोन् मैल सपाट जमीन, तिच्यावरची गावे, बाजार आणि देवळे. घराच्या ओट्याची पायरी चढून माणूस ओट्यावरच बसतो, तसा हा प्रकार आहे. म्हणून उमरग्याच्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकातली डोंगररांग स्वतःच्या गावात सापडत नाही. तो तिच्या माथ्यावरच उभा असतो.

असे होण्याचे कारण खडकात आहे. आल्प्स आणि हिमालय हे भूखंडांच्या टकरीतून वर उचललेले, चुण्या पडलेले पर्वत. दख्खनचे पठार निराळ्या रीतीने घडले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि आडवा पसरला. एक थर थिजला की काही काळाने त्यावर दुसरा. दोन थरांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग झिजून आणि भाजून निघाला, त्याचा तांबडा पट्टा आजही घाटातल्या कापलेल्या दरडीत दिसतो. घट्ट काळा खडक सहज झिजत नाही, त्याचा उभा कडा राहतो. बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला मऊ खडक लवकर कुजतो, त्याची सपाटी होते. कडा, सपाटी, पुन्हा कडा अशी आपल्या सगळ्या घाटांची ठेवण त्यातूनच आली.

मग सह्याद्रीचे घाट छातीवर येणारे आणि उमरग्याकडचे इतके मवाळ का? याचे उत्तर एका दुर्दैवी घटनेनंतर हाती लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातला औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातला उमरगा हे तालुके सर्वाधिक उद्ध्वस्त झाले. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्या वेळी उमरगा तालुक्यात होते. बळींची संख्या दहा हजारांच्या जवळ गेली. पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीत खोल विंधन घेतले, तेव्हा लाव्हाचा खडक ३३८ मीटरवर संपला. त्याखाली जुन्या गाळाचा जेमतेम आठ मीटरचा थर लागला आणि मग कोट्यवधी वर्षांपूर्वीचा मूळ पाषाण. पश्चिमेला सह्याद्रीत हेच थर दीड किलोमीटरहून जाड आहेत. १,६४६ मीटरचे कळसूबाई त्यांच्यातूनच कोरले गेले आहे. पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे लाव्हा पातळ होत गेला. त्यातच कोकणाच्या अंगाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर इथे सातशे-आठशे मिलिमीटर. थर पातळ आणि कापणारे पाणीही थोडे. त्यामुळे बालाघाटाचे कडे ठेंगणे राहिले.

ठेंगणे असले तरी पाणी वाटण्याचे काम ते चोख करतात. पठाराच्या उत्तर अंगाची तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. दक्षिण अंगाची बोरी नळदुर्गावरून अक्कलकोटकडे जाऊन भीमेला मिळते. उमरगा-मुरूम भागातली बेनितुराही कर्नाटकात उतरून शेवटी भीमेकडेच जाते, आणि भीमा कृष्णेला. एका तालुक्यावर पडलेल्या पावसाचे थेंब असे गोदावरी आणि कृष्णा या दोन नद्यांत विभागले जातात.

तगरचे कापड आणि घाटाची जकात

या पठारावरून माल खाली नेण्याचा धंदा दोन हजार वर्षांचा तरी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची माहितीवही लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. दख्खनमधल्या दोन बाजारपेठांचा उल्लेख तो करतो: पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर. तगरहून साधे कापड, तलम कापड असा माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जातो, असे तो सांगतो. हे तगर म्हणजे धाराशिवजवळचे तेर, तेरणेकाठचे, संत गोरोबाकाकांचे. इथल्या त्रिविक्रम मंदिराची विटांची, मागे अर्धगोल असलेली इमारत मुळात बौद्ध चैत्यगृहाच्या घाटाची आहे. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी जवळचे साम्य दाखवते. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तेरच्या संग्रहालयात हा सगळा काळ काचेपलीकडे मांडून ठेवला आहे.

तेरचा व्यापारी पैठणला जायचा तर त्याला बालाघाटाची उत्तरेकडची कड उतरावी लागे. पैठणहून पश्चिमेच्या बंदरांकडे जायचे तर सह्याद्री आडवा. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणारा नाणेघाट ही त्यातली नावाजलेली वाट. तिच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाईंची, हत्तींची, नाण्यांची मोजदाद आहे, आणि अंक लिहिण्याच्या भारतीय पद्धतीचे ते फार जुने नमुने आहेत. राजघराण्याने आपला लेख दरबारात न कोरता घाटाच्या तोंडाशी कोरला, यातच घाटाचे मोल कळते. येणारा-जाणारा प्रत्येक तांडा तिथून जाणार आणि लेख पाहणार. माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत.

घाट हातात असला तरी खालचे बंदर हातात नसेल तर काय होते, हेही पेरिप्लसमध्ये आहे. कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होते. पुढे सत्ता बदलली आणि तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. वाट तीच राहिली, पण माल दुसरीकडे वळला. घाटाचे नशीब नेहमी त्याच्या दोन्ही टोकांवर अवलंबून असते. उमरगा भागाने हे विसाव्या शतकातही अनुभवले. सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात आणि नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, अशी हद्द होती. बाजाराला निघालेल्या माणसाला वाटेत करोडगिरीचा, म्हणजे निजामी जकातीचा, नाका लागे. आज त्याच महामार्गावर फुलवाडी आणि तलमोडचे टोलनाके आहेत. वसूल करणारे बदलले. वसुलीच्या जागा मात्र अजून वाटेवरच आहेत.

तुळजापूर: उभा चढ

सोलापूरकडून पठारावर यायच्या दोन मुख्य वाटा. पहिली तुळजापूरची. हा चढ आखूड आणि उभा आहे. घाटाच्या कडेवर घाटशीळ नावाचे ठिकाण आहे. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला देवीने या शिळेवरून लंकेची दिशा दाखवली, अशी कथा आहे. तिथे उभे राहिले की ही कथा इथेच का रुजली ते समजते. पायाखाली जमीन तुटते आणि सोलापूरच्या बाजूचा सखल मुलूख दूरवर उघडा पडतो. वाट विचारावी आणि वाट दाखवावी अशीच ती जागा आहे.

खुद्द भवानीचे मंदिरही या भूरचनेत नीट बसवलेले आहे. बहुतेक डोंगरी देवस्थानांना पायऱ्या चढून जातात, तुळजापुरात उतरून जातात. महाद्वारातून आत गेले की दगडी पायऱ्यांवरून खाली कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ आणि मग मंदिर. पठाराच्या कडेला पाण्याने कोरलेल्या खोलगटात ते आहे. थरांमधून झिरपणारे पाणी अशाच जागी बाहेर येते. आश्विनी पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकाच्या बाजूने लाखो भाविक पायी येतात. सोलापूर-तुळजापूर हे सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर रात्रभर चालून शेवटी घाट चढायचा. वाहनांची वाहतूक तेवढ्यापुरती दुसरीकडे वळवतात. घाटाच्या मूळ मोजमापाने, म्हणजे पायांनी, हा चढ मोजणारी एवढी माणसे दुसऱ्या कोणत्याही दिवशी दिसत नाहीत.

नळदुर्ग: चढ नव्हे, नदी

दुसरी वाट नळदुर्गची. इथला चढ लांबट आणि सुस्त. गाड्यांना, तोफांना, बैलांच्या तांड्यांना सोयीचा. अडथळा आहे तो बोरी नदीचा. तिने काळ्या खडकात खोल पात्र कोरले आहे, आणि ते ओलांडल्याशिवाय पूर्वेला सरकता येत नाही. म्हणून किल्ला उंच डोंगरावर न बांधता नदीच्या वळणावर बांधला. आल्प्समध्ये जे काम खिंडीच्या तोंडावरचा बुरूज करतो, ते इथे नळदुर्गाने केले.

बहामनी आणि मग आदिलशाहीच्या हाती असलेल्या या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, बोरीवर धरण घालून त्याच्या भिंतीतच महाल बांधला गेला. तो पाणीमहाल. भिंतीतल्या अरुंद जिन्याने आत उतरले की थंडगार खोली लागते. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागले की सांडव्यांवरून दोन धबधबे कोसळतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. महालाच्या खिडकीतून तेच पाणी डोळ्यांसमोर पडत असते आणि आत बसलेल्याच्या अंगावर थेंबही येत नाही. ही चैन दिसायला शाही असली, तरी धरणाचा पहिला उपयोग लष्करी होता: किल्ल्याभोवती पाणी खेळते ठेवायचे आणि नदी शत्रूला आणखी अवघड करायची.

१८५३ च्या तहाने हा भाग काही वर्षे इंग्रजांकडे आला. तेव्हा फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गात राहून कारभार पाहत होता. ठगांवरच्या कादंबरीमुळे तो आधीच गाजला होता. तुळजापूर-नळदुर्गचा हाच परिसर त्याने १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीत आणला. अफजलखान आणि शिवाजी महाराजांच्या काळावर इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या या कथेचा काही भाग पठाराच्या या कडेवर घडतो.

१३ सप्टेंबर १९४८

नळदुर्गच्या वाटेचे महत्त्व शेवटचे सिद्ध झाले ते हैदराबाद संस्थान भारतात विलीन करण्यासाठी झालेल्या पोलीस कारवाईत. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज सोलापूरकडून निघाली. हैदराबादकडे जाणारा सरळ रस्ता हाच. तुळजापूरचा उभा घाट रणगाड्यांच्या मुख्य दळाला योग्य नव्हता. नळदुर्गचा चढ सोपा होता, पण बोरीवरचा पूल उडवला गेला असता तर ऐन पावसाळ्यात सगळी चढाई नदीकाठी अडकली असती.

म्हणून सगळी घाई त्या एका पुलासाठी होती. ७ व्या ब्रिगेडने पहाटे वेगाने आणि अनपेक्षितपणे मुसंडी मारून पूल शाबूत ताब्यात घेतला. २ शीख पलटणीने नळदुर्गातल्या १ हैदराबाद इन्फंट्रीच्या ठाण्यांवर हल्ला केला. वाट मोकळी होताच चिलखती दळ सकाळी नऊला पुढच्या जळकोटात होते. दुपारी सव्वातीनला ते हद्दीपासून ६१ किलोमीटर आत, उमरग्यात पोचले. तिथल्या रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, प्रतिकार फार टिकला नाही. दुपारपर्यंत फौज पठाराच्या सपाट माथ्यावर आली होती आणि पुढे अडवण्यासारखी नैसर्गिक जागा जवळपास उरली नव्हती.

त्याच पहाटे दुसरी तुकडी तुळजापुरावर गेली. तिथे संस्थानी सैनिक आणि सुमारे दोनशे रझाकार दोन तास लढले आणि शरण आले. या तुकडीला पुढे लोहाऱ्याकडे जायचे होते, पण नदी फुगली होती आणि चढाई थांबली. ज्या दळाला पूल मिळाला ते उमरग्यात पोचले. ज्याला पाणी आडवे आले ते खोळंबले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि मराठवाडा मुक्त झाला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबर १९४८ ला, जनरल थिमय्या यांच्या फौजेने काश्मीरमधली ३,५२८ मीटर उंचीची झोजी ला खिंड रणगाडे वर नेऊन जिंकली. त्या उंचीवर रणगाडे येतील असे शत्रूला वाटलेच नव्हते. झोजी लाची गोष्ट पुस्तकांत आणि भाषणांत आली. नळदुर्गच्या पुलाची गोष्ट मराठवाड्याबाहेर फार थोड्यांना माहीत आहे. बर्फ, उंची, विरळ हवा असे काहीच तिथे नव्हते, म्हणून ती खिंडीची लढाई आहे हेच ध्यानात आले नाही.

आता घाट कोण चढते

रेल्वेने मात्र हे पठार टाळले. सह्याद्रीतला बोरघाट चढणे हे मुंबईच्या रेल्वेपुढचे मोठे संकट होते. १८६३ साली ते काम पुरे झाले. सोलापूरच्या पुढे रुळांनी बालाघाट न चढता दक्षिणेचा, भीमेच्या बाजूचा सखल मुलूख धरला आणि वाडीमार्गे रायचूर गाठले. बार्शीची अरुंद मापाची गाडी येडशीच्या अंगाने पठार चढून १९११ मध्ये लातूरला पोचली, पण तीही उमरग्यापासून लांब राहिली. उमरग्याला आजही रेल्वे स्टेशन नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या रेल्वेमार्गाचे काम हाती घेतले आहे. तो पुरा झाला की सोलापूरहून तुळजापूरचा चढ रेल्वेने प्रथमच चढला जाईल.

माल, फौज, भाविक यांच्यानंतर आता या कडेवर चढणारी सर्वांत महाग वस्तू पाणी आहे. धाराशिव शहराला उजनी धरणाचे पाणी नळाने चढवून आणावे लागते. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून तुळजापूरच्या रामदरा तलावापर्यंत आणण्याचे नियोजन आहे. उचलण्याचा प्रत्येक मीटर विजेच्या बिलात मोजला जातो. आल्प्समध्ये खिंडीवरचे बर्फ वितळून खालच्या खोऱ्यांना उन्हाळाभर पाणी पुरवते. बालाघाटावर बर्फ नाही, मोठी नदी वरून येत नाही आणि पडलेला पाऊस दोन्ही बाजूंनी निघून जायला मोकळा आहे.

माथ्यावर राहण्याचे फायदे या मुलखाने भरपूर घेतले: वाट, बाजार, जकात, देवस्थान. तोटा एकच आहे, पाण्याचा, आणि तो कायमचा आहे. म्हणून उमरगा, लोहारा, तुळजापूर या तालुक्यांत बांधबंदिस्ती, शेततळी, पाझर तलाव आणि जुन्या बारवांचा गाळ काढणे ही दुष्काळापुरती करायची कामे नव्हेत. जलविभाजकावर वसलेल्या गावाला पाणी फक्त आभाळातून मिळते. ते शिवारात अडवणे हाच इथला पहिला पाणीपुरवठा. उजनीचा नळ त्यानंतरचा.